एका न आलेल्या गाडीची किंमत

नागपूरहून निघालेला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर धावून भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावापाशी संपतो. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ ला खुला झाला. तेव्हापासून इकडच्या चहाच्या टपऱ्यांवर, पाऊस आणि पंचायतीच्या निवडणुका सोडल्या तर, वेगवान गाड्यांइतका आवडता विषय नाही. कोणीतरी फोन पुढे करतो. पडद्यावर जमिनीला पोट टेकून बसलेली लाल गाडी असते, अजून भारतात न आलेली, ‘पुढच्या वर्षी येणार म्हणतात’ अशी. मग बोली सुरू होते. एक म्हणतो साठ पेटी. दुसरा म्हणतो, दीड खोका. दोन ट्रेलरचा मालक कटिंग संपवून ग्लास खाली ठेवतो आणि निकाल देतो, “दोन खोके. एक रुपया कमी नाय.” पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी. गोदामांच्या गावाला पैसाही खोक्यातच मोजावासा वाटला तर नवल नाही.

भिवंडीत बसून असल्या गाडीच्या गप्पा म्हणजे रिकामटेकड्यांची चैन, असे कोणाला वाटेल. पण भातशेतीची जमीन गोदामांना गेल्यावर इथे पैसा कसा आला हे ज्यांनी पाहिले, त्यांना हसू येणार नाही. याच तालुक्यातल्या एका शेतकरी-व्यावसायिकाने २०२१ मध्ये धंद्याच्या फेऱ्यांसाठी हेलिकॉप्टर घेतल्याची बातमी देशभर गाजली होती. तरी माझा मुद्दा ही गाडी कोण घेईल हा नाही. बोली लावणाऱ्या दहांपैकी नऊ जण ती कधी घेणार नाहीत. मला रस आहे तो त्या अंदाजात. माझे म्हणणे असे की, परदेशी गाडीच्या किमतीचा अंदाज करणारा माणूस नकळत आपल्या सरकारचा अंदाज करत असतो, आणि हा खेळ इतका रंगतो याचे कारण गाडीत कमी व आपल्या करांच्या रचनेत जास्त आहे.

भाव बांधणे हा या गावाचा मूळ धंदा. यंत्रमागवाल्याला विचारा, ग्रे कापडाचा मीटर कितीला पडतो? तो सुताचा भाव, सायझिंग, मजुरी, वीजबिल, गाळ्याचे भाडे असे एकेक बोट मोडत पैशापर्यंत हिशेब सांगेल. मीटरमागे वीस-पंचवीस पैसे चुकले तर महिन्याअखेर माग बंद ठेवावा लागतो, म्हणून त्याची बोटे पक्की असतात. याच माणसाला त्या लाल गाडीचा भाव विचारला की त्याची बोटे अडखळतात. त्याला ठाऊक असलेल्या प्रत्येक वस्तूची किंमत खालून वर चढते: कच्चा माल, मेहनत, नफा. या गाडीची किंमत मात्र मधल्या पायऱ्यांवरच फुगते, आणि त्या पायऱ्यांची नावे त्याला कोणी सांगितलेली नसतात.

पहिली चूक बहुतेकांची एकच होते. परदेशातल्या शोरूममधली किंमत घ्यायची, डॉलरने किंवा युरोने गुणायची आणि वर ‘टॅक्स दुप्पट’ लावायचा. पण सीमाशुल्क परदेशातल्या शोरूमच्या पाटीवर लागत नाही. ते लागते आयातमूल्यावर, म्हणजे कारखान्याने इथल्या आपल्याच कंपनीला लावलेली किंमत, त्यात जहाजाचे भाडे आणि विमा. तिकडच्या दुकानदाराचा नफा आणि तिकडचा कर यात येत नाहीत. मे २०२५ मध्ये फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय पूर्ण बांधलेली अशी जर्मनीहून आली आणि ५३ लाखांना विकायला लागली. त्या वेळी अशा गाडीवर ७० टक्के सीमाशुल्क आणि त्यावर उपकरासह ४८ टक्के जीएसटी होता. हिशेब उलटा चालवून पाहा. डीलरने एक पैसाही नफा घेतला नाही असे धरले, तरी त्या ५३ लाखांच्या पोटात मूळ गाडी साधारण २१ लाखांच्या पुढे जाऊ शकत नाही. युरोपातल्या गिऱ्हाइकाला ती याहून पुष्कळ महाग पडते. शोरूमच्या पाटीवरून गुणाकार करणाऱ्याचा अंदाज म्हणूनच कोटीच्या पुढे जाऊन पडतो.

आता पुढची पायरी, आणि इथे खरी गंमत आहे. आयातमूल्य ४०,००० डॉलरच्या वर गेले की शुल्काचा दर बदलतो. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात अशा महागड्या गाड्यांवरचे मूळ सीमाशुल्क ७० टक्क्यांवर आणल्याचे जाहीर झाले. आदल्या दिवसापर्यंत ते १०० टक्के होते, वर १० टक्के अधिभार. मथळे वाचून कित्येकांनी गाड्या स्वस्त झाल्या असे धरले. पण त्याच कागदपत्रांत ४० टक्क्यांचा एक उपकर बसवला होता. शंभर अधिक दहा म्हणजे एकशे दहा. सत्तर अधिक चाळीस म्हणजेही एकशे दहा. खिशातून जायचे तेवढेच गेले. त्या उपकराचे नाव आहे कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर. म्हणजे इटलीहून येणाऱ्या गाडीवर जो कर भरायचा, त्याच्या पावतीवर शेतीचे नाव. ज्या तालुक्यात शेते बुजवून गोदामे उभी राहिली, तिथे बसून हे नाव वाचताना कोणाला हसावे ते कळत नाही.

या ४०,००० डॉलरच्या रेषेचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. ती उतारासारखी नसून कड्यासारखी आहे. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने नव्वदी ओलांडली. त्या हिशेबाने रेषा ३६ लाखांवर येते. रेषेच्या जरा अलीकडे असलेल्या गाडीवर ७० टक्के शुल्क आणि सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेला ४० टक्के जीएसटी लावला की साधारण ८५ लाख ७० हजार होतात. रेषेच्या जरा पलीकडच्या गाडीचे होतात १ कोटी ६ लाखांच्या आसपास. एका डॉलरचा फरक आणि वीस लाखांची दरी! कंपनीचे लोक या कड्यावर उभे राहूनच गाडीत काय द्यायचे, काय काढायचे हे ठरवत असतील तर त्यांना दोष देता येत नाही. आणि ही रेषा डॉलरमध्ये असल्याने गाडीचा कारखाना युरोत किंवा येनमध्ये हिशेब करत असला, तरी त्याला आणखी एका चलनाच्या चढउताराकडे डोळा ठेवावा लागतो.

समजा, टपरीवरच्या त्या गाडीचे आयातमूल्य ५० लाख आहे. सीमाशुल्क ५५ लाख, बेरीज १ कोटी ५ लाख. त्यावर जीएसटी ४२ लाख, बेरीज १ कोटी ४७ लाख. डीलरचा नफा आणि इतर खर्च दहा लाख धरू, त्यावरचा जीएसटी चार लाख. झाले १ कोटी ६१ लाख. ही ‘एक्स-शोरूम’. आता पासिंग. महाराष्ट्रात परदेशातून आणलेल्या किंवा कंपनीच्या नावावर घेतलेल्या गाडीवर एकरकमी मोटार वाहन कर २० टक्के, पण कमाल ३० लाख. आपल्या गाडीचे २० टक्के ३२ लाखांवर जातात, म्हणजे भरायचे ३० लाख. वर विमा. दोन कोटींना थोडेसेच कमी. ट्रेलरवाल्याचा निकाल बरोबर होता. न्हावाशेवा बंदरातून कंटेनर ओढताना त्याने कागद पाहिलेले असतात.

या दोन कोटींची फाळणी करा. ज्यांनी ती गाडी कल्पिली, घडवली, रंगवली आणि जहाजात चढवली, त्यांना पोचतात पन्नास लाख, म्हणजे चार चाकांपैकी एक चाक. दिल्ली आणि मुंबईच्या तिजोऱ्यांत मिळून जातात १ कोटी ३१ लाख, म्हणजे अडीच चाकांहून थोडे जास्त. उरलेल्यात डीलर आणि विमावाला. ज्या किमतीचा दोन-तृतीयांश हिस्सा कर आहे, तिचा अंदाज करताना इंजिन किती ताकदीचे हा प्रश्न दुय्यमच. पहिला प्रश्न, अर्थमंत्री काय करतील?

२०२५ मध्ये हे मुंबईच्या विधानभवनातही दिसले. मार्चच्या राज्य अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या विजेच्या गाड्यांवर सहा टक्के कर सुचवला गेला आणि त्याच महिन्यात तो मागे घेतल्याचे जाहीर झाले. जुलैत टेस्लाची मॉडेल वाय वांद्रे-कुर्ला संकुलात आली ती ५९ लाख ८९ हजारांना. तो सहा टक्क्यांचा कर टिकला असता तर याच गाडीला साडेतीन लाख अधिक पडले असते. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात ज्याने अंदाज बांधला तो चुकला. त्याला गाडीची पारख नव्हती असे नाही. सभागृहातला वारा कुठे फिरेल हे त्याला कळले नव्हते, एवढेच.

यावर कोणी म्हणेल, अंदाज चुकला तर बिघडले काय? कोणाचे पोट अडले आहे? पण अंदाजावर आता नुसत्या पैजा लागत नाहीत, सौदेही होतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएसच्या मोजून शंभर गाड्या भारतासाठी ठेवल्या. किंमत जाहीर होण्याआधीच त्या संपल्या. नंतर आकडा आला ४९ लाख ९९ हजार. शंभर जणांनी भाव न विचारता बयाणा दिला. यंत्रमागवाला असा सौदा सूत बाजारात कधी करणार नाही. पण परदेशी गाड्यांच्या बाजारात तुटवडाही नियमाने घडतो. २०१८ च्या नियमानुसार ठरावीक परदेशी मानकांतून उत्तीर्ण झालेल्या गाड्या इथली वेगळी चाचणी न करता एका कंपनीला वर्षाला २,५०० पर्यंत आणता येतात. मोजक्याच गाड्या येणार म्हटल्यावर कंपनी खर्चाची बेरीज करून किंमत काढत बसत नाही. ती विचार करते, या शंभरांना कितीपर्यंत परवडेल? शेवटचा आकडा मग गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून ठरतो. भाजीबाजारात यालाच आपण ‘गिऱ्हाईक बघून भाव’ म्हणतो.

सरकारही गिऱ्हाईक पाहते का? मुंबईच्या दोन क्रिकेटपटूंची गोष्ट इथे आठवावीच लागते. १९८५ मध्ये मेलबर्नला रवी शास्त्रीने मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून ऑडी जिंकली. ती गाडी मुंबईत आली, त्यावरचे आयातशुल्क सरकारने माफ केले आणि देश खूश झाला. २००२ मध्ये सचिन तेंडुलकरने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली. फियाटने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. सिल्व्हरस्टोनला किल्ल्या मायकेल शूमाकरच्या हातून मिळाल्या. गाडी भारतात आणताना शुल्क होत होते सुमारे १ कोटी १३ लाख. सरकारने ते माफ केले, आणि या वेळी देश खूश झाला नाही. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, शेवटी फियाटने ते शुल्क भरले. सतरा-अठरा वर्षांत काय बदलले? सचिनवरचे प्रेम तर तेव्हा शिगेला होते. शास्त्रीची गाडी स्पर्धेत जिंकलेली आणि सचिनची भेट मिळालेली, हा कायद्याचा फरक होता खरा. पण लोकांना खटकले ते वेगळे. मधल्या काळात मध्यमवर्ग स्वतः गाड्या घेऊ लागला होता, हप्ते भरू लागला होता, आणि किमतीत कर किती असतो हे त्याला कळू लागले होते. ज्याला स्वतःचा कर दिसतो, त्याला दुसऱ्याची माफीही दिसते.

इथवर वाचून मी श्रीमंतांच्या गाड्या स्वस्त करा म्हणतो आहे, असा समज होऊ शकतो. तसे नाही. चैनीवर भारी कर असावा, हे मला पटते. दोन कोटींची गाडी घेणाऱ्याने १ कोटी ३१ लाख कर भरला म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी येत नाही. माझी तक्रार कराच्या वजनाबद्दल नाही. तो कोणत्या नावाने घेतला जातो आणि कुठे थांबतो, याबद्दल आहे.

राज्याचा वाहन कर थांबतो ३० लाखांवर. १ जुलै २०२५ पूर्वी वीस लाखांवरच थांबत होता, सरकारने मर्यादा वाढवली हे बरेच झाले. पण आता सहा कोटींची गाडी घ्या. २० टक्क्यांनी १ कोटी २० लाख व्हायला हवेत; भरायचे ३० लाख. म्हणजे पाच टक्के. भिवंडीत मागावर बारा तास उभा राहणारा कामगार हप्त्यांवर सव्वाशे सीसीची मोटारसायकल घेतो. त्याच राज्यात, त्याच आरटीओत, त्याच्या गाडीवर एकरकमी कर लागतो ११ टक्के. त्याच्यासाठी कमाल मर्यादा अर्थहीन आहे, कारण तिथवर त्याची सात पिढ्यांची कमाई पोचणार नाही. रस्ता दोघांचाही एकच, खड्डेही तेच. टक्केवारीत मात्र दुचाकीवाला सहा कोटीवाल्याच्या दुपटीहून अधिक भरतो. टपरीवर भाव बांधणाऱ्या कोणालाही मी हा आकडा सांगितला तर आधी कोणी विश्वास ठेवत नाही. मग सगळे काही क्षण गप्प होतात.

श्रीमंताने जीएसटी आणि सीमाशुल्क आधीच भरलेले असते, हे उत्तर मला ठाऊक आहे. ते खरेही आहे. पण सीमाशुल्क दिल्लीला जाते. राज्याचा वाहन कर हा राज्यातल्या रस्त्यांच्या नावाने आहे, आणि तिथे उतरती भाजणी लावण्याचे समर्थन वरच्या कराने होत नाही. दुसरे उत्तर अधिक वजनाचे आहे. मर्यादा काढली तर लोक गाडी दुसऱ्या राज्यात नोंदवतील. पुदुच्चेरीच्या पाटीच्या महागड्या गाड्या केरळात फिरत असल्यावरून २०१७ मध्ये केवढा गदारोळ झाला होता! कर चढला की माल रेषेपलीकडे उभा राहतो.

हे भिवंडीइतके कोणाला समजणार? मुंबईच्या जकात नाक्याबाहेर राहता येत होते, म्हणून तर या गावाच्या शेतांत गोदामे आली. काल्हेर, पूर्णा, माणकोली, दापोडा इथे देशाचा माल उतरू लागला, कारण मुलुंडचा जकात नाका थोडा पुढे होता. १ जुलै २०१७ ला मुंबईची जकात गेली. पण तोवर रस्ते, माणसे आणि गाळे जमून गेले होते, गोदामे हलली नाहीत. एका कराच्या रेषेने घडवलेल्या गावात बसून मी रेषा ओलांडणाऱ्यांना नावे ठेवली तर ते शोभणार नाही. मर्यादेमागचा व्यवहार म्हणूनच मला मान्य आहे. मान्य नाही ते हे की, पळून जाऊ शकणाऱ्याला सवलत मिळते आणि पळता न येणाऱ्याकडून पूर्ण वसुली होते. मोटारसायकलवाला पुदुच्चेरीला कुठे जाणार? त्याला उद्या सकाळी सात वाजता मागावर हजर व्हायचे आहे.

करांची रेषा आता पुन्हा सरकते आहे. २४ जुलै २०२५ ला ब्रिटनशी व्यापार करार झाला. त्यात ब्रिटनमध्ये बनलेल्या गाड्यांवरचे शुल्क ठरावीक कोट्यापुरते टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरायचे आहे. टपरीवरचा अंदाज त्यामुळे आणखी अवघड होईल. गाडी कोणत्या देशातली, कोणत्या वर्षीची, कोट्यातली की कोट्याबाहेरची, यावर एकाच ताकदीच्या दोन गाड्यांत कोटभराचे अंतर पडू शकेल. ‘थांबा, ड्युटी उतरणार आहे’ असे सांगणारे जाणकार गल्लोगल्ली उगवतील. ज्याच्याकडे बातमी आधी पोचेल तो कमावेल. किंमत जितकी सरकारी निर्णयांनी बनते, तितके मोल वस्तूच्या जाणकारीपेक्षा ओळखीपाळखीला येते. मला ही गोष्ट करांच्या टक्क्यांपेक्षा जास्त महाग वाटते.

यावर उपाय मोठा नाही. वाणी बिलावर जीएसटी वेगळा दाखवतो. तशी प्रत्येक आयात गाडीच्या किमतीची फोड पाटीवर असावी: आयातमूल्य इतके, सीमाशुल्क इतके, कोणता उपकर कशासाठी, राज्याचा कर किती आणि मर्यादेमुळे सुटला किती. कंपन्या म्हणतील, आयातमूल्य हे व्यापारी गुपित आहे. असू दे. निदान करांच्या ओळी तरी लिहा. त्याने गाडी एक रुपयाने स्वस्त होणार नाही. पण ‘मर्यादेमुळे सुटलेला कर: ९० लाख’ ही ओळ शोरूमच्या काचेवर छापली गेली, तर ती मर्यादा फार काळ टिकणार नाही असे मला वाटते. फेरारीचे शुल्क भरले गेले ते आकडा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आला म्हणून.

टपरीवर परवा पुन्हा तोच फोन, तीच लाल गाडी. या वेळी मी बोटे मोडत सगळी फोड सांगितली. ट्रेलरवाला खूश झाला, त्याचे दोन खोके बरोबर निघाले होते. चहा देणाऱ्या पोऱ्याने सगळे ऐकले आणि विचारले, “मंग काका, माझ्या स्प्लेंडरवर किती लागला असंल?” मी त्याला आकडा सांगितला. त्याने मनातल्या मनात काहीतरी गुणाकार केला आणि रिकामे ग्लास उचलून आत गेला. त्या दिवशीचा सगळ्यात महत्त्वाचा अंदाज तोच होता, आणि तो कोणी करायला घेतलेला नव्हता.